रक्ताची अट



पहिल्या महायुद्धातला हिंदी सैनिक म्हटलं की आपल्याला इराकमधल्या कुतच्या वेढ्यात अडकलेल्या मराठा पलटणी आठवतात. आज मी ज्याच्याविषयी बोलणार आहे, तो सैनिक हिंदी पलटणीतला नव्हता. पोटासाठी तो आधीच परदेशी गेला होता आणि तिथल्याच सैन्यात भरती झाला. त्याचं नाव बुकम सिंग.

जन्म १८९३चा, पंजाबातल्या माहिलपूरचा. लहानपणीच लग्न लागलेलं. १९०७ साली, तेरा-चौदा वर्षांचा असताना, हा पोरगा कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात उतरला. त्याच वर्षी त्या प्रांताने हिंदी लोकांचा मताधिकार काढून घेतला. पुढच्याच वर्षी नियम आला: मायदेशाहून वाटेत कुठेही न थांबता, थेट प्रवास करून येईल त्यालाच प्रवेश. शिवाय हिंदी माणसाच्या खिशात दोनशे डॉलर हवेत. थेट तिकीट मिळण्याची सोय तर नव्हतीच. त्यामुळे आधी गेलेल्यांना बायका-मुलंही आणता येईनात. १९१४च्या मे महिन्यात ‘कोमागाता मारू’ हे जहाज ३७६ हिंदी प्रवासी घेऊन व्हँकुव्हरला लागलं. हेच नियम पुढे करून, दोन महिने बंदरात ताटकळत ठेवून २३ जुलैला ते परत धाडण्यात आलं. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत महायुद्ध पेटलं.

आणि १९१५च्या वसंतात, तोवर ऑन्टारियो प्रांतात जाऊन शेतावर राबणारा बुकम सिंग कॅनडाच्या सैन्यात दाखल झाला. त्या सैन्यात शीख होते ते बोटांवर मोजण्याइतके. विसाव्या बटालियनबरोबर तो फ्लँडर्सच्या आघाडीवर गेला. १९१६च्या उन्हाळ्यात तो दोनदा जखमी झाला. पहिली जखम डोक्याला. ती भरताच तो पुन्हा खंदकात गेला, तेव्हा पायात गोळी लागली. इंग्लंडमध्ये उपचार चालू असताना क्षयाने गाठलं. त्याला कॅनडात परत आणलं आणि २७ ऑगस्ट १९१९ रोजी किचनर शहरातल्या रुग्णालयात, पंचविसाव्या वर्षी, त्याने प्राण सोडला. बायको सातासमुद्रापार पंजाबात. शिखाचा देह, पण अग्नी मिळाला नाही. माउंट होप दफनभूमीत मातीआड झाला.

२००७ साली इतिहास-अभ्यासक संदीप सिंग ब्रार यांना इंग्लंडमधल्या एका दुकानात जुनं युद्धपदक सापडलं. त्या काळच्या पदकांच्या कडेवर सैनिकाचं नाव कोरलेलं असे. त्या नावाचा माग काढत ते थेट या कबरीपर्यंत पोहोचले. आता दर नोव्हेंबरला तिथे लोक जमतात आणि त्याला मानवंदना देतात.

‘आमच्या माणसाने या देशासाठी रक्त सांडलं, म्हणून देशावर आमचा हक्क,’ असं अशा वेळी म्हटलं जातं. त्यामागचा जिव्हाळा मला कळतो. तरीही हा युक्तिवाद मला मान्य नाही. लाकडाच्या गिरण्यांत घाम गाळणाऱ्या, बंदूक कधीही हाती न धरलेल्या त्याच्या बांधवांचा हक्क काय कमी होता? आणि रक्त सांडून हक्क मिळाला म्हणावं, तर ब्रिटिश कोलंबियात हिंदी माणसाला मताधिकार परत मिळायला १९४७ साल उजाडलं!

आज आपल्यातल्या कितीतरी घरांतली मुलं परदेशात आहेत. आपल्या शहरांतही परप्रांतातून आलेले लोक राबत आहेत. मुलांना तिथे जी माणुसकी मिळावी असं आपल्याला वाटतं, ती इथे आलेल्यांना देणं आपल्या हातात आहे. कष्ट करून राहणाऱ्याला आपला म्हणायला त्याच्या मरणाचा दाखला मागू नये, एवढंच माझं सांगणं आहे.