पोटासाठी केलेली सही



शाखांच्या सभांमधून आम्हाला एक प्रश्न वारंवार विचारला जातो. ठेकेदाराकडचा सफाई कामगार किंवा टपालाच्या थैल्या चढवणारा हमाल पूर्ण पगाराच्या आकड्यावर सही करतो आणि हातात कमी घेतो. पगार बँकेत जमा झाला, तर एटीएम कार्ड मुकादमाच्या खिशात असते. जाब विचारला की ठेकेदार म्हणतो, "त्याने राजीखुशीने कबूल केले आहे." मग दिलेला शब्द पाळायला नको का?

आधी कायदा पाहू. 1872 च्या भारतीय करार कायद्याचे 23 वे कलम सांगते की, ज्या कराराचा हेतू बेकायदेशीर, अनैतिक किंवा लोकहिताविरुद्ध आहे, तो करार रद्दबातल आहे. कामगाराने किमान वेतनाचा हक्क लिहून सोडला तरी ते लिखाण निरर्थक, अशी तरतूद 1948 च्या किमान वेतन कायद्यात होती. त्याच्या जागी आलेल्या 2019 च्या वेतन संहितेतही ती आहे. म्हणजे हा हक्क सोडण्याची मुभा खुद्द कामगारालाही नाही. यात शहाणपण आहे. एकाने सोडला, की शेजारच्यालाही सोडावा लागतो.

दिल्लीत 1982 च्या एशियाडची बांधकामे चालू होती. मजुरी रोज 9 रुपये 25 पैसे ठरलेली. ठेकेदार ती जमादाराकडे देत आणि जमादार दर मजुरामागे रोज 1 रुपया कापून घेत. पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स या संघटनेच्या पत्रावरून प्रकरण सुप्रीम कोर्टात गेले. न्यायमूर्ती भगवती यांनी निकाल दिला की, किमान वेतनाहून कमी दामात करून घेतलेले काम ही घटनेच्या 23 व्या कलमाने मना केलेली वेठबिगारीच आहे. बळजबरी फक्त लाठीने होत नाही. भूक आणि गरिबीही माणसाला वाकवते, हे कोर्टाने मान्य केले.

हे फक्त मजुरांपुरते नाही. सेंट्रल इनलँड वॉटर ट्रान्सपोर्ट कॉर्पोरेशन या सरकारी कंपनीत तीन महिन्यांची नोटीस देऊन कायम कर्मचाऱ्यालाही विनाकारण घरी पाठवता येईल, असा नियम होता. ब्रजोनाथ गांगुली यांना त्या नियमाखाली काढले. नोकरी घेताना अट त्यांना मान्य होती, हे खरे. तरीही 1986 साली सुप्रीम कोर्टाने ती अट रद्द ठरवली. दोन पक्षांची ताकद अगदीच विषम असेल, तर दुबळ्याच्या सहीला खरी संमती म्हणता येत नाही.

आता नीती. गैरसोयीचा झालेला प्रत्येक करार मोडावा, असे आम्ही म्हणत नाही. सभासदांना विचारून, बरोबरीने बसून केलेला समझोता पुढे जड गेला तरी युनियनने पाळलाच पाहिजे. आपणच शब्द फिरवू लागलो, तर वाटाघाटीत आपल्या सहीला किंमत काय राहील? तसेच वर्गणी गोळा करताना "पर्मनंट करून देतो" असे कुणी सांगू नये. जे आपल्या हातात नाही त्याचे वचन देणे ही फसवणूकच, मग कोर्टात कुणी खेचो वा न खेचो. मोकळेपणाने दिलेला शब्द कागद नसला तरी बांधतो. भुकेने काढून घेतलेली सही कागदावर असली तरी बांधत नाही.

म्हणून आम्ही सांगतो की, खोट्या पगारपत्रकावर साक्षीदार म्हणून सही करू नका. ठेकेदाराच्या कामगाराला तारीख आणि हातात आलेली रक्कम रोजच्या रोज वहीत लिहायला शिकवा. ठेकेदाराने पगार बुडवला किंवा कमी दिला, तर तो देण्याची जबाबदारी मुख्य मालकावर येते, म्हणजे आपल्याच प्रशासनावर. ती वही घेऊन शाखेच्या कार्यालयात या. लेखी तक्रार युनियनच्या नावाने जाऊ द्या, म्हणजे त्या गरिबाची रोजी एकट्याने पणाला लागणार नाही.

कुणी म्हणेल, ती माणसे आपली सभासद नाहीत. पण ती ज्या कामावर आहेत, ते काल आपल्याच खलाशांचे आणि हमालांचे होते. उद्या नोकरी शोधत आलेल्या आपल्या मुलापुढे तोच कागद ठेवला जाईल. तो कागद आज आपण फाडला नाही, तर त्याला सही करावीच लागेल.

कामगार एकजुटीचा विजय असो!