पेशीचे अस्तर आणि कामगाराचे फुप्फुस



आपल्या बहुतेक पेशींत लायसोसोम नावाच्या इवल्याशा पिशव्या असतात. ख्रिस्तियाँ द ड्यूव्ह या बेल्जियन शास्त्रज्ञाने १९५५ साली त्यांचे नामकरण केले. पिशवीत तीव्र पाचकरस असतो. मग तो पिशवीच का जाळीत नाही? तिच्या पडद्यात लॅम्प-१, लॅम्प-२ अशी प्रथिने असतात. त्यांच्यावरील शर्करेचा दाट थर अस्तराचे काम करतो. या मानवी प्रथिनांचे जनुक प्रयोगशाळेतील पेशींत घालून ती प्रथिने आज मुद्दाम तयार करतात. ती औषध नव्हेत; पडद्याचा अभ्यास करण्याचे साधन होत.

कामगार संघटनेच्या माणसाला याचे काय, असे कुणी विचारील. भऱ्यासारख्या गावांतली मुले ओतशाळांत कामाला जातात. वाळूचे साचे फोडताना सिलिकाची बारीक धूळ उडते. फुप्फुसातील भक्षक पेशी तो कण गिळते. कणामुळे हाच पडदा फाटतो, रस सांडतो, पेशी मरते. कण मात्र शाबूत! दुसरी पेशी तोच कण गिळते. असे होता होता फुप्फुस व्रणांनी कठीण होते. हाच सिलिकोसिस. १९४८ च्या कारखाने कायद्याने तो निरीक्षकांना कळविणे बंधनकारक केले.

पडद्याचे कोडे शास्त्रज्ञ अवश्य सोडवोत. परंतु जडलेला सिलिकोसिस बरा करणारे औषध नाही. तो टाळण्याचे उपाय मात्र जुने आहेत. पाण्याने धूळ बसवावी, उरलेली जागच्या जागी ओढून घ्यावी. हे मागायला संशोधन पुरे होण्याची वाट पाहावी लागत नाही.