सर्पदंशाची लस आणि तिची रिअ‍ॅक्शन

पेरणीपासून सोयाबीनच्या काढणीपर्यंत आपल्याकडची कितीतरी माणसं रात्री आखाड्यावरच असतात. अशात कुणाला पान लागतं, आणि दवाखान्यात नेता नेता कुणीतरी शंका काढतं, "त्या लशीची रिअ‍ॅक्शन येते म्हणे." येते, हे खरं आहे. पण त्या भीतीनं वाट बदलू नका.

ही लस घोड्याच्या रक्तातून मिळते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांचं विष घोड्यांना थोडंथोडं टोचतात. त्याविरुद्ध घोड्याच्या रक्तात जी प्रथिनं तयार होतात, ती शुद्ध करून, वाळवून बाटलीत भरतात. वॉर्डातल्या सिस्टर त्या भुकटीत 10 मिलिलिटर पाणी सोडतात आणि बाटली हलक्या हातानं फिरवतात. जोरात हलवली तर नुसता फेस होतो. विषबाधेची लक्षणं दिसली की सुरुवातीला साधारण अशा 10 बाटल्या तासाभरात सलाइनमधून देतात. लेकराला आणि मोठ्या माणसाला मात्रा सारखीच, कारण साप वय बघून विष सोडत नाही.

घोड्याची प्रथिनं आपल्या शरीराला परकी. म्हणून काहींच्या अंगावर गांधी उठतात, हुडहुडी भरते, दम लागतो, रक्तदाब उतरतो. हे बहुधा पहिल्या दोन-तीन तासांतच होतं. अशा वेळी लस थांबवून मांडीत अ‍ॅड्रिनलिनचं इंजेक्शन देतात. रुग्ण सावरला की लस पुन्हा सावकाश सुरू करतात. विष उतरायला दुसरं औषध नाही. हे उपचार तालुक्याच्या गावीही होतात. मुखेडच्या डॉ. दिलीप पुंडे यांनी सर्पदंशावरच्या उपचारांचा आपला 10 वर्षांचा अनुभव 2005 मध्ये नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडियात मांडला. नांदेड जिल्ह्यानं अभिमान बाळगावा असं हे काम आहे.

दुसरी रिअ‍ॅक्शन उशिरा येते, आणि तिच्याबद्दल घरी जाताना पुष्कळदा कुणी सांगत नाही. आठवडाभरानं ताप येतो, सांधे धरतात, अंग खाजतं. व्हिएन्नाच्या पिर्के आणि शिक या डॉक्टरांनी 1905 मध्येच या आजारावर पुस्तक लिहिलं. लोक मात्र 'विष पुन्हा चढलं' म्हणून मांत्रिक गाठतात. हे विष नसतं, आणि औषधानं बरं होतं.

तेव्हा साप चावला की मारुतीच्या पारावर थांबू नका, थेट सरकारी दवाखाना गाठा. दमा असेल, पूर्वी ही लस घेतली असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा. आणि घरी आल्यावर ताप आला, तर डिस्चार्जचा कागद घेऊन पुन्हा तिथंच जा.