दुधाचे दात व आईबापांचा धीर

(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात केलेले भाषण)



पालक मेळाव्यात शिक्षकाने उभे राहायचे ते अभ्यास, शिस्त किंवा मुलींचे शिक्षण यांवर बोलण्यासाठी, असा आपल्याकडे रिवाज पडला आहे. हे विषय मोठे आहेत आणि त्यांवर बोलणारी माणसेही माझ्यापेक्षा मोठी आहेत. मी आज एका लहान विषयावर बोलणार आहे. दीड ते तीन वर्षांचे मूल दात घासू देत नाही, तोंड घट्ट मिटून घेते, रडून घर डोक्यावर घेते. अशा वेळी आईबापांनी काय करावे? मागच्या रांगेतल्या विद्यार्थ्यांना हसू आलेले मला दिसते आहे. हसा, हरकत नाही. पण ज्यांच्या घरी धाकटे भावंड आहे त्यांनी कान इकडेच ठेवावेत, कारण तुमच्याकडेही माझे काम आहे.

मी दंतवैद्य नाही. दोन मुलांचा बाप आहे, आणि या एका बाबतीत दोन्ही मुलांकडे दोन वेगवेगळ्या चुका केलेला बाप आहे. तेवढ्याच अधिकारावर बोलतो.

पहिली चूक थोरल्या मुलाची. तो दोन वर्षांचा असताना ब्रश दिसला की रडायचा. आम्ही म्हटले, जाऊ दे, लहान आहे, दुधाचे दात काय, पडणारच आहेत. रात्री साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात घेऊनच तो झोपायचा. वरच्या पुढच्या दातांवर हिरडीलगत खडूसारखे पांढरे पट्टे दिसू लागले होते. ते दूध वाळल्याचे डाग असावेत अशी आमची समजूत. पुढे ते पट्टे तपकिरी झाले. तो पाच वर्षांचा असताना ईदच्या आदल्या रात्री त्याचा गाल सुजला. घरात शीरखुर्म्याची तयारी, आणि मुलगा गालावर हात दाबून कोपऱ्यात. नवे कपडे घालून तो ईदगाहला आला खरा, पण परतताना माझ्या खांद्यावर होता. दोन दिवसांनी डॉक्टरांनी पाहिले तर दाढेच्या मुळाशी पू झालेला. दाढ काढताना त्याचे दोन्ही हात मी धरले होते. दोन वर्षांच्या मुलाला रडवायचे नाही म्हणून जे टाळले, ते पाच वर्षांच्या मुलाकडून सव्याज वसूल झाले.

तेव्हा दुधाचे दात पडणारच आहेत हे आपल्या घरोघरचे वाक्य अर्धेच खरे आहे. दुधाचे दात वीस. पहिला साधारण सहाव्या महिन्यात येतो आणि तिसरे वर्ष पूर्ण होईपर्यंत बहुतेक सर्व येऊन जातात. पुढचे दात सहा-सात वर्षांचे असताना पडू लागतात, पण दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत टिकायच्या असतात. म्हणजे प्राथमिक शाळेची जवळजवळ सगळी वर्षे मूल याच दाढांनी भाकरी चावते. त्या अवेळी काढाव्या लागल्या तर शेजारचे दात रिकाम्या जागेत सरकतात आणि खाली वाट पाहणाऱ्या कायमच्या दातांची जागा अडवतात. आणखी एक गोष्ट पुष्कळ पालकांना ठाऊक नसते. सहाव्या वर्षाच्या सुमारास सर्वांत मागे जी नवी दाढ येते ती दुधाची नव्हे, कायमची. तिच्या आधी काही पडत नाही, म्हणून ती आल्याचे कळतही नाही, आणि दुधाचीच समजून तिच्याकडे दुर्लक्ष होते.

कीड लागते म्हणजे प्रत्यक्षात दातात अळी शिरत नाही. तोंडातले जंतू साखरेवर जगतात आणि तिचे आम्ल करतात. ते आम्ल दाताचे वरचे कठीण कवच झिजवते. दिवसा लाळ हे आम्ल थोडेफार धुऊन काढते, पण झोपेत लाळ फार कमी सुटते. म्हणून सकाळी राहिले तर एक वेळ चालेल, रात्रीचे घासणे चुकवू नये. आणि घासल्यानंतर पाण्याशिवाय काही देऊ नये, मग ते मूल कितीही लाडके असो.

आता दुसरी चूक. मुलगी झाली तेव्हा आम्ही शहाणे झालो होतो, नको तितके शहाणे. थोरल्याचे झाले ते हिचे होऊ द्यायचे नाही, असा निश्चय. ती दीड वर्षाची झाली तशी रोज रात्री पत्नीने पाय धरायचे, मी हनुवटी दाबून ब्रश घालायचा. तोही मोठ्या माणसांच्या पेस्टचा, जी तिला तिखट लागत होती. काम दोन मिनिटांत उरके. पंधरा दिवसांनी अशी वेळ आली की बाथरूमचा दिवा लागला तरी ती पलंगाखाली शिरायची. पुढे तर चमचा जवळ नेला तरी तोंड मिटू लागली. आमच्या घरी दखनी बोलतात. तिचा पहिला स्पष्ट शब्द अम्मी नव्हता, अब्बा नव्हता, तो होता 'नक्को'. मराठीत आणि दखनीत हा शब्द एकच, आणि दोन्ही भाषांत तो सारखाच अवघड.

बी. एड्.ला असताना मी एरिक्सनची बालविकासाची टप्पेवारी पाठ केली होती. साधारण दीड ते तीन या वयात मुलाला आपले आपण करण्याची ओढ लागते आणि तेथे त्याला सतत दाबले तर लाज व शंका पदरी येते, हे उत्तरपत्रिकेत लिहून मी गुणही मिळवले. घरी मात्र दोन वर्षांच्या मुलीने मला तोच धडा पुन्हा शिकवायला घेतला, आणि मी नापास होत होतो.

वाट सापडली ती माझ्या वडिलांकडून, आणि तीही त्यांनी दाखवायची म्हणून दाखवली नाही. ते इशाच्या वजूला बसण्याआधी मागच्या दारच्या पायरीवर मिसवाक करतात. पीलूची काडी, टोक चावून कुंचल्यासारखे केलेले. घाई नाही, आवाज नाही. वरचे दात, मग खालचे, मग जीभ. ज्या रात्री आमच्याकडे रडारड व्हायची त्या रात्रीही पाच पावलांवर हे चाललेले असे. एके दिवशी मुलगी त्यांच्या शेजारी जाऊन पायरीवर बसली. बराच वेळ त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिली आणि मग म्हणाली, "मेरेकू बी."

वडील म्हणाले, "ये मेरी है. तेरी तू ला."

ती उठली, आत गेली आणि जो ब्रश पाहून पलंगाखाली शिरत होती तोच घेऊन आली. त्या रात्री तिने तो नुसता चघळला. आत जाऊन पेस्ट आणावी म्हणून मी उठू लागलो, तर वडिलांनी डोळ्यांनी मला खाली बसवले. आठवडाभर असेच चालले. मग एका रात्री त्यांनी आपले तोंड उघडून तिला सांगितले, माझे दात मोज. ती मोजू लागली. त्यांचे काही दात गेलेले असल्यामुळे हिशेब अडखळायचा, आणि तिला त्याचे फार हसू यायचे. मोजून झाल्यावर ते म्हणाले, आता तुझे मोजू. तिने तोंड उघडले. इतके दिवस माझ्या दोन्ही हातांनी जे उघडले नव्हते ते असे उघडले.

यावर मी पुष्कळ विचार केला. मिसवाकविषयीची हदीस आपण सर्वांनी ऐकलेली आहे. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ती आहे. उम्मतीला जड जाईल ही भीती नसती तर प्रत्येक नमाजाच्या वेळी मिसवाकचा हुकूम दिला असता, असा तिचा आशय. आपण ती दातांच्या स्वच्छतेचे महत्त्व सांगण्यासाठी सांगतो, आणि ते बरोबरच आहे. पण तिचा पहिला भाग आपण भरकन उरकतो. गोष्ट इतकी आवडीची असूनही समोरच्याला ती जड जाईल याचा विचार तेथे आधी आलेला आहे. हुजूर (स.) यांनी ती हुकमाने लादली नाही, स्वतः करून दाखवली. प्रौढ माणसांच्या बाबतीत ही सवलत, आणि आम्ही दोन वर्षांच्या पोरीची हनुवटी दाबत होतो.

म्हणून मूल रडले की ब्रश ठेवून द्यावा, असे मात्र मी म्हणत नाही. त्याचे फळ थोरल्याच्या गालावर मी पाहिले आहे. धरणे आणि दाबणे यांत फरक आहे. मुलाला मांडीवर, त्याची पाठ आपल्या छातीला लागेल असे बसवावे, डोके आपल्या दंडावर टेकू द्यावे. समोरून चाल करून येणारा हात मुलाला भिववतो, मागून येणारा कुशीतला वाटतो. एका बोटाने ओठ हलकेच उचलावा, म्हणजे हिरडीची कडही दिसते आणि पांढरे पट्टे असतील तर तेही वेळीच दिसतात. ब्रश लहान डोक्याचा, मऊ केसांचा असावा. फ्लोराईडची पेस्ट तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, त्यानंतर वाटाण्याएवढी. यवतमाळ, चंद्रपूरसारख्या भागांत, जेथे काही गावांच्या पाण्यातच फ्लोराईड जास्त आहे, तेथे डॉक्टरांना विचारून घ्यावी. मुलाच्या हातात एक ब्रश द्यावा आणि आपल्या हातात दुसरा ठेवावा. आधी त्याची पाळी, मग आपली. त्याने घासले ते खेळणे, आपण घासले ते घासणे. सात-आठ वर्षांपर्यंत मुलाचा हात या कामात पक्का होत नाही, तेव्हा 'आता त्याचे तो घासतो' असे म्हणून लवकर मोकळे होऊ नका. ब्रश तोंडात ठेवून मूल पळणार नाही एवढे मात्र पाहा.

वेळ झोप अनावर होण्याआधीची निवडा. पेंगुळलेल्या मुलाशी कोणीही जिंकत नाही. "घासायचे का?" असे विचारू नका, कारण उत्तर ठरलेले आहे. "लाल ब्रश की निळा?" असे विचारा. जे मूल काल घासू देत होते ते आज अचानक देत नसेल, तर हट्ट म्हणण्याआधी तोंडात पाहा. नवी दाढ येत असेल, तोंड आले असेल. आणि कृपा करून डॉक्टरच्या सुईचे भय घालू नका. उद्या त्याच डॉक्टरकडे न्यावे लागले तर काय कराल? घासल्याबद्दल चॉकलेट देणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही. मोबाईल दाखवून तोंड उघडवण्याची युक्तीही मी पाहिली आहे. तोंड उघडते, पण मूल तेथे नसते. मोबाईल नसेल त्या रात्री सगळे पुन्हा पहिल्यापासून.

मूल अनुकरणाने शिकते हे एकदा मान्य केले की एक अवघड गोष्टही बोलावी लागते. आपल्या पुष्कळ घरांत थोरल्या बायका अजून मशेरी लावतात. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू, दुसरे काही नाही. तंबाखू असलेल्या टूथपेस्ट व दंतमंजनांवर 1992 मध्येच सरकारने बंदी घातली, पण तव्यावर भाजलेल्या मशेरीला कोण अडवणार? माझ्या आजीची मशेरीची डबी मला आठवते, आणि मी लहानपणी त्यात बोट घातलेलेही आठवते. कोणीही मला शिकवले नव्हते. जे पोर दादाजींकडे पाहून ब्रश आणते, तेच पोर दादीकडे पाहून डबीत बोट घालते. या माउलींशी भांडू नका. पण निदान मुलांसमोर नको, एवढे त्यांना अदबीने सांगता येईल.

विद्यार्थी मित्रहो, आता तुमचे काम. अब्बा रात्री उशिरा येतात, अम्मी स्वयंपाकघरात असते. धाकट्यांच्या डोळ्यांसमोर जास्त वेळ तुम्हीच असता. रोज रात्री त्यांच्यासमोर, त्यांना दिसेल असे, आपले दात घासा. काही शिकवू नका. ते आपोआप येऊन उभे राहतील. "मला पण" असे म्हटले की त्यांचा ब्रश त्यांच्या हातात द्या आणि अम्मीला हाक मारा.

आमची मुलगी आता तीन वर्षांची आहे. रोज सुरळीत होते असे सांगितले तर पत्नी येथे बसली आहे, ती उठून बोलेल. गेल्याच आठवड्यात दोन रात्री पुन्हा 'नक्को' झाले. एका रात्री फक्त मागच्या दाढांवरून ब्रश फिरवून आम्ही थांबलो, दुसऱ्या रात्री तिने माझे दात घासले आणि पेस्ट माझ्या मिशीला लावली, तेव्हा कुठे तोंड उघडले. थोरला आठ वर्षांचा आहे. काढलेल्या दाढेची जागा तो जिभेने अजून चाचपतो. बहीण हट्ट करते तेव्हा तो आपले तोंड उघडून तिला ती जागा दाखवतो. मी त्याला तसे करायला सांगितलेले नाही, आणि करू नको असेही सांगवत नाही.

इशाची अजान होईल आता. वजूखान्याकडे मुलांची गर्दी होण्याआधी मी आपली रजा घेतो. खुदा हाफिज.