कुलूप नसलेली मांडणी

(मिशनच्या वार्षिक मेळाव्यात सकाळच्या सत्रात केलेले भाषण)



पाळकसाहेबांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. मी वक्ता नाही. फावल्या वेळात लाकूडकाम करतो, म्हणून मला उभं केलंय.

काही वर्षांपूर्वी आपण डहाणूकडच्या वसतिगृहाला पुस्तकं दिली, सोबत लोखंडी कपाटही. प्रार्थना झाली, फोटो झाले. नंतर एका पावसाळ्याअखेर मी तिथे गेलो, तर कपाटाला कुलूप. किल्ली मागून उघडलं. पुस्तकं जवळजवळ कोरी होती. भिंतीकडच्या रांगेची पानं तेवढी ओलीनं चिकटली होती. मला राग आला. तिथल्या बाईंना विचारलं, मुलांना का देत नाही? त्या म्हणाल्या, "भाऊ, एखादं हरवलं तर यादी घेऊन तुम्हीच येता ना?"

दर मार्चमध्ये आपण ती यादी मागवतो. तिचा फॉर्म मीच तयार केला होता.

घरी आलो आणि ठरवलं, उघडी मांडणी करायची, मुलांच्या हाताला येईल एवढ्या उंचीची. पहिली गॅलरीत बसून केली, आणि बिघडवली. पाऊण इंची फळी चार फूट लांब ठेवली. दिसायला छान, पण दोन महिन्यांत मध्ये झोळ आला. एक फूट रांगेतल्या पुस्तकांचं वजन नऊ-दहा किलो भरतं. फळी तीच ठेवून लांबी दुप्पट केली आणि ती तशीच पूर्ण भरली, तर झोळ दुप्पट नव्हे, 16 पट होतो. तेव्हा अडीच फुटांच्या पुढे जाऊ नका. उंची साडेतीन फूट, खोली 10 इंच. खालचे दोन कप्पे 12 इंचांचे ठेवा, म्हणजे बालभारतीची मोठी पुस्तकं उभी राहतात. वरचा 10 इंचांचा पुरतो.

लाकडाबद्दल थोडं बोलतो. सागाच्या आतल्या लाकडाला वाळवी सहसा शिवत नाही, पण ते महाग. घेतलंच तर पावती सोबत ठेवा. जिथे मोळीसाठी आईबापांना हटकलं जातं, तिथे मुलांच्या दारात आपण बिनपावतीचा साग उतरवू नये. मी पॅकिंगच्या खोक्यांचं पाईन वापरलं. परदेशातून आलेल्या खोक्यांवर गव्हाच्या लोंबीची खूण असते. तिच्याजवळ 'एचटी' असेल तर लाकूड तापवून निर्जंतुक केलेलं आहे, ते घ्या. 'एमबी' असेल तर त्याला विषारी वायू दिलेला असतो. मुलांच्या वस्तूला ते नको.

प्रभू सुतार होता हे मार्कच्या सहाव्या अध्यायात आहे. दुसऱ्या शतकातल्या जस्टिन मार्टरने तर लिहून ठेवलंय की तो नांगर आणि जू बनवत असे. रोज मातीत वापरायच्या वस्तू. दिवाणखान्याचं फर्निचर नव्हे.

बाजूच्या फळ्यांना पाव इंच खोल खाचा पाडा, आडव्या फळ्या त्यात बसवा. नुसत्या खिळ्यांवर भरवसा नको. चिकटवल्यावर समोरासमोरचे कोपरे तिरके मोजा. दोन्ही मापं सारखी आली की काटकोन जमला. मगच मागे प्लाय ठोका, नाहीतर मांडणी डुलत राहते. कडा घासून गुळगुळीत करा, लहान मुलांचे हात आहेत. पाय चार इंचांचे, खाली फरशीचा तुकडा. भिंतीपासून दोन इंच पुढे ठेवायची, म्हणजे वाळवीची मातीची नळी चढताना दिसते. पण वरून लोखंडी पट्टीने भिंतीला पक्की बांधा. मुलं चढतातच.

ती मांडणी वसतिगृहात बसवली, त्या आठवड्यात मुलं नुसती हात लावून पळायची. नंतर तिसरीतली एक मुलगी चित्रांचं पुस्तक घेऊन खाली बसली आणि दोन लहानग्यांना गोष्ट सांगू लागली. पुस्तक मराठीत, गोष्ट वारलीत. सगळं मला कळलं नाही. पोरं हसत होती.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीनंतर मोजणी केली. 11 पुस्तकं कमी. पुढे तीन परत आली. एक मी स्वतः पाड्यावर पाहिलं, भाताच्या कणगीवर, प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेलं. मी ते मागितलं नाही. कोषाध्यक्षांनी विचारलं, ही कुठे दाखवायची? म्हटलं, खर्ची टाका. वसतिगृहाला दिलेला तांदूळ आपण परत मोजून घेतो का?

सगळ्यांना हे पटलेलं नाही, ठाऊक आहे. देणगीदारांना काय सांगणार, हा प्रश्नही खोटा नाही.

आणखी चार पाड्यांवर संध्याकाळचे अभ्यासवर्ग चालतात. प्रत्येक ठिकाणी एक मांडणी हवी. मापांचा कागद मागच्या टेबलावर आहे. तरुण संघाने दोन केल्या तर बरं होईल. रंधा, करवत, गुण्या नसेल तर माझ्याकडचा न्या. हंगामाच्या सणापर्यंत झाल्या तर धान्य-भाजीच्या शेजारी पुढे मांडू, आणि सोमवारच्या टेम्पोने रवाना करू.

यंदा यादीचा फॉर्म पाठवू नये, असा ठराव मी दुपारच्या सभेत मांडणार आहे. अनुमोदनाला कोणीतरी उभं राहावं.