म्हातारा कुत्रा आणि घरचा जिना



विषय ऐकून काहींना हसू आले, ते मी पाहिले. पण सम्राट अशोकांनी इ.स.पूर्व तिसऱ्या शतकात गिरनारला कोरविलेल्या दुसऱ्या शिलालेखात माणसांची चिकित्सा आणि पशूंची चिकित्सा एका दमात सांगितली आहे. तो धागा धरूनच मी बोलतो.

कुत्रा दहा-बारा वर्षांचा झाला की पुष्कळदा सांध्यांतली कूर्चा झिजते. तो ओरडत नाही. जिन्यापाशी थांबतो, नाहीतर मागचे दोन्ही पाय जोडीने टाकून सशासारखा चढतो. आपण म्हणतो, आळशी झाला!

आता कूलर आले, तरी आपल्या वर्ध्याकडे उन्हाळ्यात पुष्कळ घरे गच्चीवर निजतात. सगळे वर गेले की खाली राहिलेला कुत्रा कण्हत-कण्हत जिना चढतोच. त्याला गच्ची नको असते, माणसे हवी असतात. म्हणून नुसती फळी आडवी लावून मोकळे होऊ नये. घरातल्या एकाने त्याच्याजवळ अंगणात खाट टाकावी. माझ्या मते यासारखा उपाय नाही, आणि याला पैसा लागत नाही.

चढवावेच लागले तर जुना टॉवेल पोटाखालून, मागच्या पायांच्या पुढे घालून दोन्ही टोके वर धरावीत. भार आपण घ्यावा, ओढू नये. उतरताना भार पुढच्या पायांवर येतो, तेव्हा आपण एक पायरी खाली राहावे. गुळगुळीत पायऱ्यांवर गोणपाट पक्के बसवावे. सैल राहिले तर तेच पाडते. ओट्याच्या दोन-तीन पायऱ्यांना लांब फळीचा उतार पुरतो. नखे वाढू देऊ नयेत, वजनही.

“म्हातारा झाला, दूर सोडून या,” असे सांगणारे भेटतात. दहा-बारा वर्षे दाराशी जागलेल्याला रस्ता दाखवायचा आणि सकाळी पंचशील म्हणायचे, हे मला जमणार नाही. पहिल्या शीलातला ‘पाण’ म्हणजे सगळेच जीव.

विद्यार्थ्यांनी घरी एवढे सांगावेच: आजीच्या गुडघेदुखीची गोळी कुत्र्याला देऊ नये. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांनी त्याच्या पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. औषध पशुवैद्यकांकडूनच घ्यावे. जाताना तो कोणत्या पायरीला अडतो, सकाळी किती वेळ लंगडतो, हे कागदावर लिहून न्यावे. दवाखान्याच्या टेबलावर घाबरलेला कुत्रा लंगडून दाखवीत नाही.

जयभीम!