बंद फ्रिजचं दार
(रेडिओवरील भाषण)



देवणी, वलांडी आणि आसपासच्या गावांतली कितीतरी घरं आता वर्षातले बरेच महिने कुलपात असतात. पोरगा किंवा पोरगी बारावीला, म्हणून आई लातूरला खोली करून राहते. शिकवणी, टेस्ट सिरीज, डबा, सगळा 'लातूर पॅटर्न'चा पसारा. कुणी पुण्याला कंपनीत असतं, कुणी हैदराबादला. पण येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, झाडून सगळे गावी येतात. रानात कडब्याची कोप उभी राहते. भज्जी, आंबील, खीर, उंडे असा बेत होतो, आणि तो हमखास उरतो. उरलेली भज्जी डब्यात जाते, डबा फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी गाडीची गडबड. घरातला कर्ता माणूस विजेचं बिल आठवून मेन स्विच बंद करतो, फ्रिजचं दार घट्ट लावतो, आणि घराला कुलूप पडतं. ते निघतं पाडव्याला, नाहीतर थेट मे महिन्यात.

मग फ्रिज उघडणारा माणूस दोन पावलं मागं सरकतो.

दारामागं झालेलं असतं ते असं. चालू फ्रिजमध्ये तापमान साधारण चार-पाच अंश सेल्सिअस असतं. त्या थंडीत बुरशी मरत नाही, फक्त तिची वाढ मंदावते. वीज गेली की फ्रीझरमधला बर्फ वितळतो, त्याचं पाणी आत पसरतं, आणि दाराचं रबर ते बाहेर जाऊ देत नाही. एप्रिलमधल्या आपल्या हवेत धुतलेलं धोतर अर्ध्या तासात वाळतं. याच लातूरला 2016च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. अशा कोरड्या मुलखात, कुलपातल्या घरात, फ्रिजच्या पोटात मात्र श्रावण चालू असतो. अंधार, ओल, आणि खायला भज्जी. बुरशीला आणखी काय पाहिजे?

वासाकडं येऊ. पुष्कळ जण आधी अगरबत्ती लावतात, कापूर ठेवतात, अर्धं लिंबू कापून ठेवतात. लिंबाला माझा विरोध नाही, पण लिंबावरच चार दिवसांनी हिरवी लव चढलेली मी पाहिली आहे. वास हवेत असतो असं आपण धरून चालतो. हवा तर दार उघडल्याबरोबर बदलते, तरी वास जात नाही, कारण तो ओल्या जागेतून सारखा नव्यानं सुटत असतो. ती जागा सापडेपर्यंत सगळे उपाय वरवरचे.

वासही एका जातीचा नसतो. दूध-दही नासलं की आंबूस, ओकारी आणणारा वास येतो. तो ब्युटिरिक आम्लासारख्या आम्लांचा. मटण, मासळी, डाळी कुजल्या की जो वास येतो, त्यात अमाइन नावाची द्रव्यं असतात आणि ती आम्लाच्या उलट, अल्कधर्मी असतात. तिसरा वास बुरशीचा, कुबट, बंद तळघरासारखा. त्यातलं एक द्रव्य जिऑस्मिन. पहिल्या पावसात मातीला जो वास येतो, तो याच द्रव्यामुळं; मातीतले जिवाणू ते तयार करतात आणि काही बुरश्याही करतात. आपल्या नाकाला ते इतक्या सूक्ष्म प्रमाणात कळतं की डोळ्यांना डाग दिसण्याआधी वास येतो. तेव्हा घरातली म्हातारी माणसं "काहीतरी कुबटतंय" म्हणाली, तर त्यांचं ऐकावं.

आता कामाला लागू. प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण पुढं आत पाणी वापरायचं आहे. खिडक्या-दारं उघडा, नाकातोंडाला रुमाल बांधा, आणि दमा असलेल्या माणसाला तेवढा वेळ शेजारी बसायला पाठवा. वाळलेली बुरशी कोरड्या फडक्यानं किंवा कुंच्यानं झाडू नका. तिचे बीजाणू घरभर उडतात. आधी ओलं करायचं, मग पुसायचं.

आतलं अन्न सगळं टाकायचं. इथं मला जरा थांबायचं आहे, कारण आपल्याकडं टाकणं म्हणजे बहुतेक वेळा गोठ्यात टाकणं. देवणी हे नाव गाईमुळं देशभर माहीत आहे. त्या गाईपुढं बुरसटलेली भाकरी टाकणं योग्य नाही. काही बुरश्या अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करतात. ते जनावराच्या पोटात गेलं की त्याचं रूप बदलून दुधात उतरतं, आणि दूध उकळलं तरी जात नाही. म्हणूनच दुधातल्या या विषावर आपल्या देशात कायद्यानं मर्यादा घातलेली आहे: किलोमागं अर्धा मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाचा अर्धा. हे विष काय करू शकतं, ते 1974 साली राजस्थान-गुजरातच्या सीमेवरच्या आदिवासी पट्ट्यात दिसलं. पावसानं भिजून बुरसटलेला मका खाऊन तिथं शंभराहून जास्त माणसं दगावली. आपल्या डब्यातली बुरशी तीच असेल असं नाही. पण ती कोणती आहे हे नुसतं बघून कुणालाच सांगता येत नाही. खड्डा करून पुरा, वर माती लोटा. वरची बुरशी काढून खालची चटणी ठेवून देणाऱ्यांसाठीही हेच. मऊ आणि ओल्या पदार्थात बुरशीचे तंतू डोळ्यांना दिसतात त्याच्या बरेच खाली गेलेले असतात.

फ्रिज चालू ठेवून गेला असाल आणि फ्रीझरमध्ये बर्फाचा थर असेल, तर त्याला सुरी लावू नका. बर्फामागं गॅसची पातळ नळी असते. तिला भोक पडलं की नुसता गॅस भरून भागत नाही, दुरुस्तीचा खर्च मोठा होतो. आणि नव्या फ्रिजमध्ये आयसोब्युटेन भरलेला असतो, जो पेट घेतो. कोमट पाण्याचं पातेलं आत ठेवा, दार लावा, थोडी वाट बघा.

कप्पे, भाजीचा ड्रॉवर, अंड्यांचा ट्रे बाहेर काढून साबणाच्या कोमट पाण्यानं धुवा. काचेच्या गार कप्प्यावर कढत पाणी ओतू नका, काच तडकते. आतला भाग आधी साबणानं, कारण तेलकट थर गेल्याशिवाय पुढचं काही लागू पडत नाही. मग खायचा सोडा: लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे. त्यानं आंबूस वासाची आम्लं मरतात. तो फडक्यानं पुसून घेतला की पांढरा व्हिनेगर आणि पाणी समसमान. त्यानं कुजका, मटण-मासळीचा वास मरतो आणि बुरशीचाही जोर मोडतो. दोन्ही एकत्र ओतून फेस काढायची मजा पोरांसाठी ठेवा. फेस आला म्हणजे सोडा आणि व्हिनेगर एकमेकांनाच संपवतात, आणि हातात उरतं खारट पाणी.

गावात आणखी एक गोष्ट सहज मिळते, ती म्हणजे टीसीएल पावडर, ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती. बुरशी मारायला तीच बरी, असं पुष्कळांना वाटतं. तिच्यातला क्लोरीन जंतू मारतो खरा, पण व्हिनेगर, लिंबू किंवा संडास धुवायचं ॲसिड तिच्याशी गाठ पडलं की विषारी क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद स्वयंपाकघरात तो जिवावर बेततो. शिवाय रबर कडक होतं, पत्रा गंजतो. फ्रिजला टीसीएल नकोच.

एवढं करूनही वास येत असेल, आणि बहुधा येतोच, तर तीन जागा राहिल्या आहेत. पहिली, दाराचं रबर. त्याच्या घड्या बोटानं फाकवून बघा. काळे ठिपके आत असतात. जुना टूथब्रश व्हिनेगरमध्ये बुडवून घडीघडीतून फिरवा आणि कोरडं करा. रबर चिरलेलं असेल तर बदलून घ्या, ते मिळतं. दुसरी जागा, मागच्या भिंतीच्या तळाशी असलेलं बारीक भोक. पाणी त्यातून खाली जातं. त्यात कोथिंबिरीची काडी अडकली की पाणी तुंबतं आणि कुजतं. सुई काढलेल्या सिरिंजनं त्यात सोड्याचं कोमट पाणी सोडा. तिसरी जागा बहुतेकांनी कधी पाहिलेलीच नसते: फ्रिजच्या पाठीमागं, कॉम्प्रेसरच्या वर बसवलेला पाण्याचा ट्रे. आशाताई डेंग्यूच्या दिवसांत घरी आल्या की तोच बघायला मागतात, कारण एडिस डासाची अळी तिथं वाढते. पावसाळ्यात फ्रिज भिंतीपासून ओढून तो ट्रे पाहिला तर वासाचं आणि डासाचं काम एकाच वेळी होतं.

तिन्ही जागा साफ करूनही वास राहिला, आणि फ्रिज तापला की वाढला, तर कुजलेलं पाणी फटीतून भिंतीच्या आतल्या फोममध्ये मुरलेलं असू शकतं. तो फोम काढता येत नाही, धुता येत नाही. अशा वेळी आणखी पावडरी आणि फवारे आणून पैसे घालवू नयेत असं माझं मत आहे. त्या फ्रिजमध्ये बी-बियाणं ठेवा, घासाघीस करून भंगारवाल्याला द्या, पण दूध ठेवू नका.

साफ झालेला फ्रिज दोन-तीन दिवस दार उघडं ठेवून वाळू द्या. कप्पे उन्हात ठेवायला हरकत नाही, मात्र फार दिवस ठेवले तर प्लॅस्टिक पिवळं पडतं. आत चुरगाळलेली वर्तमानपत्रं कोंबा आणि रोज बदला. कागद ओल ओढतो. चुलीतल्या कोळशाची वाटी ठेवली तर चालतं. बाजारात मिळणारा ॲक्टिव्हेटेड चारकोल जास्त ओढतो, कारण त्याची छिद्रं मुद्दाम वाढवलेली असतात. पण आत ओल शिल्लक असेल तर दोन्हीचा उपयोग नाही.

पुढच्या वेळी घर बंद करताना फ्रिज रिकामा करा, पुसा, प्लग काढा, आणि दार लावू नका. दारात जाड कापडाची घडी घाला आणि बाहेरून दोरी बांधा, म्हणजे दोन बोटांची फट राहील आणि लेकरू आत शिरून दार लागणार नाही. खटक्याच्या जुन्या फ्रिजांत मुलं गुदमरून दगावली, म्हणून अमेरिकेत 1956 साली आतून दार उघडलंच पाहिजे असा कायदा झाला आणि पुढं चुंबकाचं रबर सगळीकडं आलं. आपल्याकडं फ्रिज तयार व्हायला लागले ते 1958च्या सुमारास, गोदरेजमध्ये. आता बहुतेक घरांत खटका नसतोच. पण अंगणात टाकलेला जुना असेल तर त्याचं दारच काढून ठेवा.

राहिला प्रश्न फ्रिज पुन्हा वापरात कधी घ्यायचा याचा. सुरू करून रात्रभर गार होऊ द्या. मग घरच्या लोण्याचा लहानसा गोळा वाटीत, झाकण न लावता, आत ठेवा. स्निग्ध पदार्थ वास फार लवकर धरतो. दुसऱ्या दिवशी सकाळी लोणी हुंगून बघा. लोण्याला लोण्याचाच वास असेल तर दूध ठेवा. नसेल तर लोणी टाकून द्या, आणि मागचा ट्रे पुन्हा एकदा ओढून बघा.